रेडिओ आणि पत्रकारितेच्या ट्रेनिंगने भ्रष्टाचार खरंच कमी होतो का?

खरखर
कालपासून एक वाद डोक्यात घोळतोय म्हणून धागा काढतोय. एक मित्र म्हणाला की रेडिओवाल्यांना पत्रकारितेचं ट्रेनिंग देऊन भ्रष्टाचार रोखायचा म्हणजे उंदरांना शिट्ट्या वाटून मांजराला घाबरवायचं. वाक्य भारी आहे पण मला पटलं नाही.

माझं म्हणणं असं की बहुतेक चोरी लोकांना दिसतच नाही कारण ती कागदात असते. कागद वाचता येणारा आणि तो लोकांच्या बोलीत सांगणारा कुणीतरी मधे लागतो, आणि तो लोकल रेडिओचा पत्रकार असू शकतो. पेपरला अक्षरओळख लागते, नेटला स्मार्टफोन आणि डेटा लागतो, रेडिओ काम करता करताही ऐकता येतो.

ब्राझील घ्या. तिथे 2003 पासून केंद्र सरकारने सोडत काढून नगरपालिकांचं ऑडिट सुरू केलं, खरोखरची लॉटरी, जाहीर, त्यामुळे 'आमच्यावर राजकीय सूड उगवला' म्हणायची सोयच नाही. 2004 च्या निवडणुकीत काही ठिकाणचे रिपोर्ट मतदानाआधी आले, काहींचे नंतर. फेराझ आणि फिनान या अर्थशास्त्रज्ञांनी दोन्हींची तुलना केली तर जिथे आधीच घोटाळे बाहेर आले होते तिथले मेयर जास्त पडले, आणि जिथे लोकल रेडिओ स्टेशन होतं तिथे तर अजूनच. आणि रेडिओ असलेल्या ठिकाणी ज्याचा रिपोर्ट साफ निघाला त्याला उलट फायदा झाला!! म्हणजे रेडिओने नुसती बोंब मारली नाही, चांगला कोण हेपण सांगितलं. आता बोला.

उंटावरचाशहाणा
बोलतो. तुमच्या उदाहरणात हिरो ऑडिटर आहे आणि हार तुम्ही रेडिओच्या गळ्यात घातलात. रिपोर्टच नसता तर स्टेशनने काय वाचलं असतं, हवामान?

आणि त्याच अर्थशास्त्रज्ञांचा पुढचा शोधनिबंध पण वाचा, 2018 चा, आव्हिस नावाचा तिसरा माणूस सोबत आहे. एकदा ऑडिट होऊन गेलेल्या पालिकांत नंतर भ्रष्टाचार साधारण 8 टक्के कमी सापडला, पण कारण काय तर मुख्यतः केस होईल, कोर्टात उभं राहावं लागेल ही भीती. मतदार पाडतील ही भीती त्यामानाने कमी. मग पैसा तपास यंत्रणा आणि कोर्टांवर लावा ना, माईकवर कशाला.

मुकादम
मी अशा एका वर्कशॉपला बसलोय म्हणून लिहितो. तीन दिवस, एसी हॉल, मागे हा एवढा बॅनर, त्यावर 'सशक्त लोकशाहीसाठी पत्रकारिता'. पहिला अख्खा दिवस उद्घाटन आणि एकमेकांची ओळख यात गेला. दुसऱ्या दिवशी एका सरांनी माध्यमांची नैतिकता यावर 84 स्लाइडी दाखवल्या (मी मोजल्या, दुसरं काय करणार). तिसऱ्या दिवशी ग्रुप फोटो आणि सर्टिफिकेट. एकाही सेशनमध्ये कुणी बजेटचा कागद हातात दिला नाही, टेंडर कसं वाचायचं, मंजूर रक्कम आणि खर्च झालेली रक्कम यात फरक काय, शून्य. शेवटी फॉर्म भरून घेतला, 'तुमच्या ज्ञानात वाढ झाली का', सगळ्यांनी हो लिहिलं कारण प्रवासभत्ता फॉर्म दिल्यावरच मिळणार होता. भ्रष्टाचारविरोधी ट्रेनिंग बरं का हे.

खरखर
@मुकादम 😂 ही टीका मान्य. पण वाईट ट्रेनिंग झालं म्हणून ट्रेनिंगच नको हे काही पटत नाही.

नाठाळ
रेडिओ रेडिओ करताय तर रवांडा विसरू नका. आरटीएलएम नावाचं स्टेशन 1993 मध्ये सुरू झालं, मस्त गाणी, गप्पा, लोकांच्या भाषेत, लोकांना आवडायचं पण. 1994 च्या हत्याकांडात त्याच स्टेशनवरून तुत्सी जमातीच्या लोकांना 'झुरळं' म्हणत होते आणि कुणाला मारायचं त्यांची नावं वाचत होते. पुढे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने 2003 मध्ये ते चालवणाऱ्यांना दोषी ठरवलं. जी गोष्ट तुम्ही गुण म्हणून सांगता ना, की अक्षरओळख लागत नाही, थेट कानात जातं, तोच तिथे घात ठरला. लोकशाही बळकट करायचं हत्यार म्हणून माईक कुणाच्याही हातात देण्याआधी दहादा विचार करा एवढंच.

सांजवारा
@नाठाळ मुद्दा खरा आहे पण त्यातून निष्कर्ष उलटा निघतो असं मला वाटतं. तिथे माईक 'कुणाच्याही' हातात नव्हता, सत्तेतल्या कट्टर गटाच्या हातात होता आणि त्यांना टक्कर देणारं दुसरं ताकदवान स्टेशन नव्हतं. आवाज अनेक असले की असं करणं अवघड होतं.

नेपाळ बघा. 1997 मध्ये रेडिओ सगरमाथा सुरू झालं, मग एकामागून एक सामुदायिक स्टेशनं उभी राहिली. 1 फेब्रुवारी 2005 ला राजा ज्ञानेंद्र यांनी सत्ता हातात घेतली तेव्हा पहिल्या दणक्यात काय केलं, फोन बंद आणि एफएमवर बातम्यांना बंदी, फक्त गाणी वाजवा म्हणे. पत्रकार काय बसले नाहीत, रस्त्यावर उभं राहून बातम्या वाचल्या, कोर्टात गेले, आणि पुढच्या वर्षी आंदोलनापुढे राजाला माघार घ्यावी लागली. रेडिओमुळेच झालं असं मी म्हणत नाही. पण ज्या गोष्टीने काही फरक पडत नाही ती बंद करायला कोण सैनिक पाठवतं?

उंटावरचाशहाणा
@सांजवारा नेपाळचं उदाहरण मस्त आहे पण ते हुकूमशाहीविरुद्धच्या लढ्याचं आहे, भ्रष्टाचाराचं नाही. या दोन गोष्टी आपण सारख्या एकाच पोत्यात भरतो.

भ्रष्टाचाराची माहिती दिली की लोक जागे होतात हे गृहीतच मला संशयास्पद वाटतं. मेक्सिकोत 2009 च्या स्थानिक निवडणुकांआधी संशोधकांनी घरोघरी पत्रकं वाटली, तुमच्या नगरपालिकेत पैशाचा किती गैरवापर झाला त्याची. झालं काय? सत्ताधाऱ्याची मतं घटली, ठीक, पण विरोधकांचीही घटली, कारण लोक मतदानालाच कमी गेले. 'सगळेच चोर' म्हणून घरी बसले. दिवसभर घोटाळे ऐकवणारं स्टेशन लोकशाही बळकट करतंय की लोकांना त्यातून बाहेर काढतंय, सांगा.

आणि अजून एक, बेनिन देशात खेडोपाडी सामुदायिक रेडिओ भरपूर आहेत. तिथे अभ्यास झाला तर जिथे जास्त स्टेशनं ऐकू येत होती तिथली मुलं वाचनात पुढे निघाली, छान. पण का? सरकारने जास्त शिक्षक किंवा पुस्तकं दिली म्हणून नाही, रेडिओ ऐकून आईबापांनी स्वतःच्या खिशातून पुस्तकांवर जास्त खर्च केला म्हणून. सरकार ढिम्म.

मुकादम
बेनिनचं माहीत नव्हतं. विचार करायला लावणारं आहे. सरकारचं काम आईबापांनी केलं आणि आपण म्हणणार रेडिओ यशस्वी.

भोंगा
उशिरा आलोय, लांब लिहिणार आहे, माफ करा. मी बरीच वर्षं सामुदायिक रेडिओवाल्यांना शिकवतो (84 स्लाइडवाले ते सर मी नव्हे).

आधी युगांडा, कारण त्याशिवाय ही चर्चा पूर्ण होत नाही. 1991 ते 1995 या काळात केंद्राकडून शाळांना पाठवलेल्या अनुदानातले सरासरी फक्त 13 टक्के शाळेपर्यंत पोचत होते, बाकी मधल्यामधे गायब. मग सरकारने कोणत्या जिल्ह्याला किती पैसे पाठवले ते आकडे पेपरात छापायला सुरुवात केली आणि 2001 पर्यंत 80 टक्क्यांच्या आसपास रक्कम पोचायला लागली. यावर टीकाही झाली, त्याच काळात फी माफी आणि इतर सुधारणा पण झाल्या होत्या, सगळं श्रेय छापील आकड्यांना देऊ नका म्हणून, आणि ती टीका मला बरोबर वाटते. पण त्यातला एक धडा मी वर्गात रोज वापरतो. 'भ्रष्टाचार वाढलाय' ही बातमी नाही. 'तुमच्या शाळेला या महिन्यात इतके आले' ही बातमी आहे, कारण ते ऐकल्यावर हेडमास्तरला विचारता येतं. मेक्सिकोच्या पत्रकांनी लोकांना चीड दिली पण मतपेटी सोडून विचारायला जागा दिली नाही, निदान मी ते तसं वाचतो.

आता माझा एक व्यायाम सांगतो. मी हजेरीपट वाटतो, रस्त्याच्या किंवा बंधाऱ्याच्या कामाचे, आणि म्हणतो मनात वाचू नका, रेकॉर्डर चालू करा आणि मोठ्याने वाचा, नाव, तारीख, हजेरी, नाव, तारीख, हजेरी. सगळे कंटाळतात. एका बॅचमध्ये एक मुलगी वाचत होती, जूनचा कागद, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस, एकतीस... आणि थांबली. जूनला 31 तारीख? आणि त्या दिवशी सगळ्यांची हजेरी फुल्ल, एकपण गैरहजर नाही. तो कागद माझ्या नजरेखालून त्याआधी चार बॅचमध्ये गेला होता, मला दिसलं नव्हतं. डोळा घसरतो, कानाला खटकतं. तिने ते तसंच ऑन एअर वाचलं, एक शब्द आरोप केला नाही. संबंधित कार्यालयाकडून 'लेखनिकाची चूक' असं पत्र आलं, तिने ते पत्रही वाचून दाखवलं, मग पुढचे तीन महिने दर आठवड्याला 'आज अमुक दिवस झाले, चूक दुरुस्त झालेली नाही' एवढं एकच वाक्य. शेवटी झाली दुरुस्त. पैसे वसूल झाले का विचाराल तर नाही, आणि निलंबित कुणीही झालं नाही. म्हणजे @उंटावरचाशहाणा तुमचं बरोबर आहे, पुढे शिक्षा करणारं कुणी नसेल तर आमचं काम अर्ध्यावर लटकतं. पण त्या यंत्रणेला तरी कुणी सांगितलं असतं की जून 31 दिवसांचा झालाय?

उंटावरचाशहाणा
@भोंगा 31 जून अप्रतिम. हे मी उलट माझ्या बाजूने वापरणार आहे कारण तुमच्याकडे हजेरीपट होता. तो मिळण्याचा कायदा नसेल तर तुमची विद्यार्थिनी काय वाचणार होती? आधी माहितीचा अधिकार, मग ऑडिट, मग रेडिओ. तुम्ही लोक शेवटापासून सुरुवात करता.

भोंगा
क्रमाबद्दल वाद नाही. पण कायदा असूनही कागद मागायला जाणारा माणूस लागतो.

नाठाळ
आणि स्टेशनचा मालक? त्यावर कुणी बोलतच नाहीये. पेरूमध्ये राष्ट्राध्यक्ष फुजिमोरींच्या काळात त्यांचा गुप्तहेर प्रमुख माँतेसिनोस सगळ्यांना लाच द्यायचा आणि पठ्ठ्या व्हिडिओ काढून पावत्या ठेवायचा. हिशोब बाहेर आला तेव्हा कळलं की टीव्ही चॅनलच्या मालकांना दिलेली रक्कम जज आणि खासदारांच्या मानाने शंभर पट वगैरे मोठी होती. त्याला बरोबर माहीत होतं धोका कुठून आहे. सुटला होता फक्त एक छोटा केबल चॅनल, प्रेक्षक थोडेच म्हणून सोडला असावा, आणि सप्टेंबर 2000 मध्ये लाचेचा व्हिडिओ त्याच चॅनलवर दाखवला गेला आणि दोन महिन्यांत सरकार कोसळलं. आता सांगा, बाकीच्या चॅनलच्या पत्रकारांना कितीही ट्रेनिंग दिलं असतं तर काय उपटलं असतं त्यांनी? जाहिरात ज्याची, बातमी त्याची.

सांजवारा
म्हणजे तुम्हीच सिद्ध केलंत की एक न विकला गेलेला चॅनल पुरतो 🙂

नाठाळ
पुरतो कधीकधी. आणि कधी त्या माणसाला गोळी घालतात. मोझांबिकमध्ये पत्रकार कार्लोस कार्दोसो बँकेच्या घोटाळ्यामागे लागला होता, 2000 साली भर रस्त्यात मारला. बुर्किना फासोमध्ये पत्रकार नॉर्बर्ट झोंगोला 1998 मध्ये मारलं. फिलिपिन्समध्ये तर रेडिओवाल्यांची यादीच आहे, 2022 मध्ये पर्सी लापिडला घराजवळ गोळ्या घातल्या. हॉलमध्ये बसून 'निर्भीड व्हा' शिकवणारा ट्रेनर संध्याकाळी विमानाने परत जातो, ट्रेनिंग घेतलेला माणूस तिथेच राहतो, आणि लोकल रेडिओवर तर सगळ्यांना त्याचा आवाजही माहीत असतो आणि घरही. सुरक्षा, वकील, पगार यातलं काहीच न देता फक्त धाडस शिकवणं मला तरी बेजबाबदार वाटतं.

खरखर
@नाठाळ हे मनाला लागलं. धागा काढताना मी या बाजूने विचारच केला नव्हता. तरी मी पूर्ण माघार घेत नाही. वकिलाची फी, थकलेला पगार, कागद मागायचा खर्च हे सगळं ट्रेनिंगच्याच बजेटमध्ये धरलं पाहिजे असं म्हणतो, हॉल आणि बॅनर कमी करून. आणि भारतात तर गंमतच, इथे खाजगी एफएम आणि सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही, आकाशवाणीच्याच बातम्या लावा. रेडिओ लहरी जनतेच्या मालकीच्या आहेत असं सुप्रीम कोर्टाने 1995 मध्ये सांगून झालं तरी. आधी ते दार उघडा म्हणावं.

उंटावरचाशहाणा
ही बंदी चुकीची आहे यावर तुमच्याशी एकमत, लिहून ठेवा, परत होणार नाही.

मुकादम
@भोंगा सर एक विचारायचं राहिलं. ती 31 जूनवाली मुलगी अजून रेडिओवर आहे का?

भोंगा
नाही. स्टेशनचा पगार पाच महिने थकला तेव्हा तिने सोडलं. आता एका सरकारी कार्यालयाच्या प्रसिद्धी विभागात आहे, अधिकाऱ्यांची भाषणं लिहून देते, भेटली की हसते. मी तिला नावं ठेवणार नाही. पुढची बॅच सोमवारपासून आहे, हजेरीपट तोच घेणार आहे, बघू कुणाच्या कानाला खटकतं ते.