गाडी मॉडिफाय केली म्हणजे रोज नाक्यावर हजेरी लावायची का?

निळी स्विफ्ट

वय 23. नाशिकमध्ये अंबडला नोकरी, सेकंड शिफ्ट, घर आनंदवल्लीला. गाडी 2012 ची स्विफ्ट, वडिलांनी वापरून माझ्या नावावर केलेली. दोन वर्षं पैसे साठवून तिच्यावर काम केलं. चंदेरीची निळी केली, त्यासाठी पेठ रोडला आरटीओत चार चकरा मारून आरसीवर नवा रंग चढवून घेतला. (आधी ऑलिव्ह ग्रीन डोक्यात होता. पेंटरच म्हणाला, तो सैन्याचा रंग, आपल्याला चालत नाही.) अलॉय 15 इंची, म्हणजे कंपनी वरच्या मॉडेलला देते तेच माप. काचांना फिल्म नाही. पीयूसी, इन्शुरन्स चालू. एक रुपयाचं चलान बाकी नाही.

तरी या महिन्यात पाचदा अडवलं. तीनदा जेहान सर्कलला, त्यातही दोनदा एकाच साहेबांनी. परवाचं सांगतो. रात्रीचे बारा. काच खाली केली, आतला लाइट लावला, गाणं बंद केलं. साहेबांनी बॅटरी आधी टायरवर मारली, मग माझ्या तोंडावर. "गाडी कोणाची? बापाची?" म्हटलं, आता माझ्या नावावर आहे. डिजिलॉकर उघडायला गेलो तर चकरी फिरत बसली. "ओरिजिनल काढ." डिकी उघडायला लावली, स्टेपनीखाली बॅटरी मारून पाहिली. वीस मिनिटं गेली. तेवढ्यात काळ्या काचांची पांढरी एसयूव्ही बाजूने गेली, प्लेटवर 4141 असं लिहिलेलं की 'दादा' वाचावं. तिला कुणी हातही दाखवला नाही. मला शेवटी "जा, हळू चालव."

माझं म्हणणं एवढंच. एकदा तपासली, काही निघालं नाही, तर तशी नोंद मशीनमध्ये करा. चलानची पावती निघते, मग 'तपासली, ठीक आहे' याची का निघू नये?

गंगापूर रोडचे काका

बाळा, तुझ्या वीस मिनिटांचं ऐकलं, आता आमच्या रात्रीचं ऐक. घर रस्त्याला लागून. आई 84 वर्षांची, गोळी घेऊन कशीबशी झोपते. एक-दीडला या असल्या गाड्या जातात, सोमेश्वरकडून वळून परत येतात. फटाके फुटल्यासारखा आवाज. ती दचकून उठून बसते आणि विचारते, काय पडलं रे? 112 ला फोन लावणारे आम्हीच. नाकाबंदी आम्हाला हवी आहे. तुझी गाडी कोणती आणि त्या टारगटांची कोणती, हे अंधारात उभ्या असलेल्या माणसाला कसं कळावं?

थारवाली

काका, अंधारात कळत नसेल तर मग सगळ्याच गाड्यांचं कळायला नको. माझ्याकडे थार आहे, आपल्या सातपूरच्याच प्लांटमधली. टायर कंपनीपेक्षा बरेच मोठे. पुढे लोखंडी गार्ड आहे, ज्याला 2017 पासून बंदी आहे, हे मला ठाऊक आहे आणि तरी तो काढलेला नाही. कॉलेज रोड, त्र्यंबक रोड, द्वारका, सगळीकडे फिरते. वर्षभरात एकदाही अडवलं नाही. नियम मी मोडते आणि हिशोब हा मुलगा देतो. कारण मी चाळिशीची बाई आणि गाडी महागाची.

निवृत्त माणूस

ट्रॅफिकला अकरा वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो. नाकाबंदीला चार माणसं उभी असतात. सगळ्या गाड्या थांबवल्या तर मुंबई नाक्यापर्यंत रांग जाईल. मग नजर जाते वेगळ्या दिसणाऱ्या गाडीवर. जुनी गाडी, नवा रंग, पोरगं एकटं, रात्रीची वेळ. चोरीची गाडीही रंग बदलूनच फिरते. यात आकस नसतो, सवय असते.

एसयूव्हीचं म्हणाल तर तिला हात दाखवला की पाच मिनिटांत कुणाचा तरी फोन येतो. हे खोटं नाही. आमच्या वेळीही नव्हतं.

'बापाची का' हे मात्र विचारायला नको होतं.

आणि एक. रंग लिहिलास, टायर लिहिलेस, काचा लिहिल्यास. सायलेन्सरचं काही लिहिलं नाहीस.

निळी स्विफ्ट

मागचा मफलर बदललाय. पण आवाज फार नाही.

गंगापूर रोडचे काका

हां! तरीच म्हटलं.

लॉच्या तिसऱ्या वर्षाला

दोन्ही बाजूंचं थोडं थोडं सांगते. डिजिलॉकरमधली आरसी आणि लायसन्स 2018 पासून मूळ कागदाइतकंच ग्राह्य आहे. 'ओरिजिनलच काढ' असा हट्ट धरता येत नाही. पण मोटार वाहन कायद्याचं कलम 182-अ सुद्धा वाच. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागे, गाडीमागे नाही. थारवाल्या ताईंनी स्वतःचा हिशोब स्वतःच करावा.

निळी स्विफ्ट

मफलर माझी चूक, मान्य. पण हे बघा ना. पाचदा अडवलं. पाचपैकी एकदाही कुणी वाकून मागे पाहिलं नाही. "रेस कर" म्हणालं नाही. डिकी पाहिली, स्टेपनी पाहिली, बापाची चौकशी केली. माझ्या गाडीत जे एकच चुकीचं आहे, त्याबद्दल एक शब्द नाही. मग अडवलं कशासाठी? काकांच्या आईंसाठी तर नक्कीच नाही.

गंगापूर रोडचे काका

हा मुद्दा बरोबर आहे. पण तो मांडायला तोंड कोणाचं, तर आवाज करणाऱ्याचं.

निवृत्त माणूस

पाचदा मफलर सुटला हे नशीब समज. सुटला म्हणून तक्रार करणारा पहिलाच बघतोय.

गॅरेजवाला, सिडको

एवढी पानं भरलीत, काम अर्ध्या तासाचं आहे. जुना मफलर फेकला नसशील तर घेऊन ये. रोज कुणीतरी लावायला येतं, दंड बसला की तोच माणूस काढायला येतो. माझं काय, दोन्हीकडून मजुरी. पण इन्शुरन्स कंपनीला न कळवता बदल केलास आणि उद्या ठोकलीस, तर सर्व्हेअर आधी तेच शोधतो. पोलीस परवडले.

'तपासली, ठीक आहे' याचं रजिस्टरबिजिस्टर कुणी ठेवणार नाही, ते विसर.

थारवाली

का विसरायचं? चलान बाकी असलं तर नंबर टाकल्यावर लगेच दिसतं ना? मग बाकी नसल्याचं दिसायला काय हरकत आहे?

निवृत्त माणूस

काल ठीक असलेली गाडी आज ठीक असेलच असं नाही, ताई. डिकीत काय आहे ते रोज बदलतं.

निळी स्विफ्ट

जुना माळ्यावर आहे. आईने भंगारात द्यायला काढला होता, वाचला. रविवारी येतो सिडकोला.

निळी स्विफ्ट

सोमवार, रात्री बारा दहा. जेहान सर्कल. अडवलं. तेच साहेब. गाडीभोवती एक चक्कर मारली, मागे जाऊन थांबले, मग खिडकीशी येऊन म्हणाले, "आवाज कुठे गेला?"

म्हणजे इतके दिवस ऐकू येत होता.

कागद परत मागितलेच.