धुक्यातलं विमान खेळणं का दिसतंय? १:२४ मॉडेल आणि १९३९ चा एक प्रसंग

माळावरचा_कॅमेरा
'ओन्ली एंजल्स हॅव विंग्ज' (१९३९, दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स) ज्यांनी नीट पाहिलाय त्यांच्यासाठी प्रश्न. सुरुवातीलाच बॅरांका या काल्पनिक बंदरावर धुकं उतरतं, टपाल घेऊन निघालेला ज्यो माघारी फिरतो आणि खालून कॅरी ग्रँट त्याला रेडिओवर सूचना देत राहतो. त्या धर्तीवर तीन मिनिटांचं कृष्णधवल दृश्य करायचंय. ठिकाण छत्रपती संभाजीनगर, बजेट विद्यार्थ्यांचं.

मॉडेल फोर्ड ट्रायमोटरचं (तीन इंजिनांचं जुनं विमान) आहे. थर्माकोल आणि पुठ्ठा, पंखांची लांबी ९८ सेंमी, म्हणजे साधारण १:२४ (खऱ्याच्या चोविसाव्या भागाएवढं). छताला तंगुसाने टांगलंय. मोबाइलवर सेकंदाला ३० फ्रेमने शूट, दोन एलईडी पॅनल, डीजेवाल्याचं फॉग मशीन. दिसतंय मात्र जत्रेतलं खेळणं. विमान झोके खातं, धूर लोटाने येतो आणि तंगूस चमकतं. आधी काय बदलावं?

कप्पी
आधी फ्रेमचा वेग, बाकी सगळं नंतर. लहान वस्तू आपल्या आकाराच्या मानाने फार पटकन पडते, हलते, थांबते. डोळा हे लगेच पकडतो आणि 'खेळणं' म्हणून मोकळा होतो. जुना हिशेब असा: सिनेमाच्या नेहमीच्या सेकंदाला २४ फ्रेमला स्केलच्या (१:२४ मधल्या २४ च्या) वर्गमुळाने गुणायचं. २४ चं वर्गमूळ ४.९, गुणाकार ११८ च्या आसपास. म्हणजे मोबाइलचं १२० फ्रेमचं स्लो मोशन तुमच्या मॉडेलला जवळपास मापाचंच आहे. एडिटिंगमध्ये वेग २० टक्के ठेवा. २४० फ्रेमच्या मोहात पडू नका, ते १:१०० चं माप आहे. तुमचं विमान मधात पोहल्यासारखं दिसेल.

विमानाचा वेगही याच हिशेबात बसवायचा. उतरतानाचा खरा वेग ताशी १०० किमी धरला तर सेकंदाला २७.८ मीटर, त्याला ४.९ ने भागा, मॉडेलला सेकंदाला ५.७ मीटर लागतात. विमान सरकायला सहा मीटरची ताणलेली तार लावली (ती कशी ते खाली सांगतो) तर ती ते जेमतेम एका सेकंदात संपवेल आणि पडद्यावर तुम्हाला पाच सेकंद मिळतील. इथेच बहुतेकांचा हात आखडतो. मॉडेल मोडेल म्हणून हळू ओढतात आणि दृश्य मरतं.

हाताने इतका वेग सारखा मिळत नाही. दोरीचं एक टोक खुंटीला बांधा, दोरी सुट्या कप्पीतून घेऊन दुसरं टोक मॉडेलला. कप्पी हातात धरून माणूस जितक्या वेगाने पळेल त्याच्या दुप्पट वेगाने मॉडेल धावतं. तारेच्या शेवटी जुनी गादी उभी करा.

झोके जाणार नाहीत, कारण वरून टांगलेली वस्तू लंबकच असते. हॉलिवूडच्या रिपब्लिक स्टुडिओत मॉडेलचे शॉट करणारे लायडेकर बंधू दोन ताणलेल्या आडव्या तारा मॉडेलमधूनच आरपार न्यायचे आणि विमान त्यांवरून घसरायचं. तुमच्या दोन्ही पंखांत, मध्यापासून सारख्या अंतरावर, नाकाकडून शेपटीकडे एकेक पितळी नळी बसवा. तार बारीक पोलादी, मंद काळपट रंगवलेली. तंगूस ऊन पडलं की काचेसारखं चमकतं.

वस्त्रगाळ
कप्पी यांच्याशी सहमत. धुक्याबद्दल मी सांगतो.

फॉग मशीनच्या तोंडासमोरच शूट करताय, म्हणून लोट दिसतात. मशीन दोन-तीनदा सोडा, पंख्याने खोलीभर पसरवा, पंखा बंद करून दोन मिनिटं थांबा, मग 'अ‍ॅक्शन'. धूर दिसता कामा नये. फक्त मागचं फिकं व्हायला हवं. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की हे पाणीदार धुकं बघता बघता विरतं. फरशी ओली करा, पहाटे शूट करा, नाहीतर पावसाळ्यापर्यंत थांबा. ड्राय आइस बंद खोलीत अजिबात नको, त्याचा वायू जमिनीलगत साचतो आणि माणूस गुदमरतो.

धुरापेक्षा जास्त ताबा हवा असेल तर पांढरी नेटची जाळी घ्या, लग्नाच्या मंडपात लावतात तीच. मॉडेल आणि मागच्या डोंगराच्या कटआउटमध्ये एक थर, डोंगराच्या मागे अजून दोन. प्रत्येक थराला मागचं एक पायरी फिकं होत जातं. ढगांना पिंजलेला कापूस चालतो, तो आपल्याकडे कमी नाही. फक्त कापसाजवळ हॅलोजन नको.

चाकं टेकतानाच्या धुळीला मुलतानी माती. हॉलिवूडचे मिनिएचरवालेही हीच वापरत आले आहेत. तुमची काळी माती वापराल तर ढेकळं उडतील आणि १:२४ ला प्रत्येक ढेकूळ धोंडा दिसेल. माती वस्त्रगाळ करून धावपट्टीवर अर्धा मिलिमीटर पसरा. पाणी आणि आग कोणत्याही स्केलला लहान होत नाहीत. थेंब थेंबाएवढाच राहतो. पाऊस खऱ्या माणसांच्या शॉटमध्ये दाखवा.

एक अवांतर: ट्रायमोटरचा पत्रा पन्हळी होता. पिझ्झाच्या डब्याचा बारीक पन्हळीचा पुठ्ठा घ्या, वरचा कागद ओला करून सोला, वाळवा, चंदेरी रंग द्या. पंखांवर पन्हळी पुढून मागे जाते, आडवी लावू नका.

माळावरचा_कॅमेरा
१२० फ्रेमवर करून पाहिलं. हालचाल खरंच बदलली! पण आता सगळं चित्र धडधडतंय, एलईडी मंद-प्रखर होत असल्यासारखं. शटर १/२४० (एक फ्रेम तेवढा सेकंद उघडी).

कप्पी
आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधा एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतो-मंदावतो. तुम्ही १२० फ्रेम घेताय. दोन्हींतला फरक २०, आणि वेग पाचपट कमी केल्यावर पडद्यावर सेकंदाला चार ठोके. १/१०० शटर हा नेहमीचा इलाज १२० फ्रेमला शक्यच नाही, एक फ्रेमच १/१२० सेकंदाची असते. बॅटरीवरचे एलईडी पूर्ण प्रखरतेवर लावा (डिमर फिरवला की पुन्हा लुकलुक सुरू) किंवा सरळ उन्हात या. अंगणात तीन बाजूंनी कापड आणि वर पांढरा मंडप टाकला की ऊन मऊ होतं, धुकंही टिकतं. मॉडेलसोबत एकही माणूस दाखवायचा नसेल तर लेन्स जमिनीपासून फक्त ६-७ सेंमीवर ठेवा. १:२४ च्या जगात उभ्या माणसाचा डोळा तिथे असतो.

मुरूम
थोडा वेगळा सूर लावतो. उभ्या विमानाच्या शॉटला एवढा खटाटोप कशाला? मॉडेल कॅमेऱ्यापासून एक मीटरवर ठेवलं की ते २४ मीटरवरच्या खऱ्या विमानाएवढं दिसतं. माळरानावर जा. लेन्स दीड मीटर उंच असेल तर मॉडेलची चाकं लेन्सच्या पातळीखाली ६.२५ सेंमीवर हवीत. चाकांखाली फळी, फळीवर तिथलाच मुरूम, पुढची कड फ्रेमच्या खाली. नट २६-२७ मीटरवरून चालत गेला की विमानामागून गेल्यासारखा दिसतो. इथे साधे २४ फ्रेमच ठेवा, माणूस खरा आहे. मोबाइलचा सेन्सर लहान असल्याने जवळचं आणि लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येतं. मोठा कॅमेरा असेल तर लेन्सचं छिद्र लहान, एफ ११ किंवा १६. कॅमेरा डावी-उजवीकडे फिरवू नका, मॉडेल आणि माळ एकमेकांवरून सरकतात आणि बिंग फुटतं.

आणि आकाश कोरं असेल त्या दिवशी शूट न करता घरी परत या. 'विंग्ज' (१९२७) या विमानपटाच्या वेळी दिग्दर्शक विल्यम वेलमन अमेरिकेतल्या सॅन अँटोनिओत ढगांसाठी अडून बसला होता, कारण मागे ढग नसले तर विमान जागेवर खिळल्यासारखं दिसतं. मॉडेलमागच्या आकाशालाही तेच लागू. आपल्याकडे मे महिन्याचं आकाश धुतल्या पाटीसारखं असतं, जुलैत भरपूर माल मिळतो.

कोमल_गंधार
तुम्ही सगळे चित्रात अडकलात. त्या प्रसंगात ताण कुठे आहे? खाली उभी माणसं कान वर करून ऐकतायत, त्यात. विमान दिसत नाही, इंजिन डोक्यावरून जातं. तीन मिनिटांत मॉडेल वीस सेकंदांहून जास्त दाखवू नका, बाकी चेहरे आणि आवाज.

आवाज नुसता लहान-मोठा केला तर खोटा वाटतो. ताशी १२० किमीने विमान डोक्यावरून गेलं की येतानाच्या आणि जातानाच्या सुरात साधारण तीन सेमीटोनचा फरक पडतो. पेटीवर कोमल गंधारावरून षड्जावर उतरा, तेवढा. विमान जवळून जात असेल तर ही उतरण सेकंदाभरात, लांबून जात असेल तर चार-पाच सेकंदांत. इंजिनं तीन आहेत, त्यामुळे एकच ट्रॅक तीनदा लावा, दुसरा एक टक्का वर, तिसरा एक टक्का खाली. त्यांच्यात जी घूंऽऽघूं लाट उठते तीच बहुइंजिनी विमानाची ओळख. धुक्यासाठी वरच्या पट्टीतला कर्कशपणा काढून टाका. आणि शेवटी विमान आदळणार असेल तर त्याआधी तिन्ही इंजिनांचा आवाज एका फ्रेमवर तोडू नका. आधी डावं बंद, अर्ध्या सेकंदाने मधलं, मग उजवं.