सिरानुशचा हॅम्लेट

सिरानुश या अर्मेनियन नटीने शेक्सपिअरच्या नाटकातला हॅम्लेट, म्हणजे पुरुषाची भूमिका, केला तो फक्त चर्चा व्हावी म्हणून, असं कोणीतरी लिहिलंय, ते मला अजिबात पटत नाही. मेरोपे कांतार्जियान हे तिचं खरं नाव, जन्म १८५७ चा, कॉन्स्टॅन्टिनोपलचा (आजचं इस्तंबूल). आधी तिने पेत्रोस आदामियानच्या हॅम्लेटसमोर त्याची प्रेयसी ओफेलिया केली होती, म्हणजे त्या काळातल्या सगळ्यात गाजलेल्या अर्मेनियन हॅम्लेटच्या शेजारी उभं राहून तिने ते नाटक जवळून बघितलं होतं, आणि मग तीच भूमिका स्वतः घ्यायची म्हणजे केवढी हिंमत लागली असेल बघा!

अजून एक गोष्ट कोणी बोलत नाही. तेव्हा तुर्कस्तानात मुस्लिम बायका स्टेजवर येत नव्हत्या, त्यामुळे तुर्की भाषेतल्या नाटकांतही बायकांची कामं अर्मेनियन नट्याच करायच्या. आणि हे काही सिरानुशपासून सुरू झालं नाही, तिच्याआधी १८६१ च्या सुमारास आरुस्याक पापाझियान धंदेवाईक रंगभूमीवर उतरली होती, तीही समाजाची बोलणी खाऊन. पहिली तुर्की मुस्लिम नटी, आफिफे जाले, स्टेजवर आली ती थेट १९२० मध्ये. तुर्की रंगभूमीच्या इतिहासात या अर्मेनियन बायकांना मानाचं पान मिळायलाच हवं.