किट विकून डीजे कंट्रोलर आणि कराओकेचं सामान घ्यावं का?

किकवाला_नागपूर:
नमस्कार मंडळी. लांब आहे, चहा घेऊन बसा.

मी नागपूरचा, वय ४३, आठवडाभर नोकरी आणि शनिवार-रविवार ड्रम्स. कॉलेजच्या गॅदरिंगपासून वाजवून राहिलो, शिकलो कोणाकडेच नाही, पाहून पाहून हात बसला. पर्लचं पाच पीसचं किट आहे, सेकंडहँड घेतलं होतं, स्नेअरचं वरचं हेड सोडलं तर अजून खणखणीत. बँड पाच जणांचा, आता साडेतीनच म्हणा, बेसवाला पुण्याला चाललोय म्हणतो, आणि गिटारवाल्याला जुळं झालं तेव्हापासून तो रिहर्सलला येऊन सोफ्यावर झोपतो.

मे महिन्यात वर्धा रोडच्या एका लॉनवर रिसेप्शन वाजवलं. दुपारी चारला सामान चढवलं, ऊन असं की स्टँडला हात लावला तर चटका. स्टेजवर चकचकीत टाइल्स आणि मी नेमकी दरी, म्हणजे किटखाली घालायची सतरंजी, घरी विसरलो. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, दरी नसली की किक ड्रम (पायाच्या पेडलनं वाजवायचा मोठा ड्रम) प्रत्येक ठोक्याला थोडा थोडा पुढे सरकतो. दुसऱ्या गाण्यापर्यंत तो माझ्यापासून हातभर लांब, मी पाय ताणून ताणून पेडल मारतोय, शेवटी मांडववाल्याकडून सुतळी मागितली आणि किकचा पाय माझ्याच स्टुलाला बांधला. म्हणजे मी उठलो की किट आडवं.

नवरा-नवरी पार्लरमधून उगवले सव्वानऊला. दहाच्या ठोक्याला मॅनेजर हात जोडून उभा, बंद करा साहेब. चाळीस मिनिटं मिळाली एकूण. आणि तिथेच एक पोरगा होता बावीस-तेवीसचा, स्कूटीवर आलेला, पाठीवर एक बॅग. दहाला त्यानं लॅपटॉप मिटला, बॅग उचलली, आतल्या एसी हॉलमधे जाऊन पाच मिनिटांत परत चालू. सगळे पाहुणे आत, आणि आम्ही बाहेर नट सोडत बसलो. आम्हाला पाच जणांत पंधरा हजार, त्यातून छोट्या हत्तीचं भाडं. त्याला एकट्याला बारा.

तर प्रश्न असा, की किट विकून टाकावं आणि त्यात घरचे थोडे घालून (सगळे मिळून ऐंशीएक हजार होतील) कंट्रोलर (लॅपटॉपला जोडून गाणी मिसळायचं यंत्र), दोन माइक, एखादा पॉवर्ड स्पीकर (आतच अॅम्प असलेला) असं घेऊन डीजे कम कराओके सुरू करावं का? बायको म्हणते किट गेलं तर त्या खोलीत पाहुणे तरी झोपतील. आणि या वयात डीजे म्हणून उभं राहिलो तर लोक हसतील का, हे पण सांगा.

तर्री_पोहे:
हसतील भाऊ, पण नाचतील पण. वरातीत कोणी डीजेचं आधार कार्ड पाहत नाही.

ऑक्टोपॅडवाला:
किट विकू नको. आधी हे, बाकीचं मग.

मी संदलमधे ऑक्टोपॅड, म्हणजे काडीनं बडवायचं इलेक्ट्रॉनिक पॅड, वाजवायचो, वरातीपुढे गाडीवर बसून, कानाच्या एका बाजूला बँजो आणि दुसऱ्या बाजूला जनरेटर. सहा वर्षांपासून डीजे करून राहिलो. आता आपल्याकडे डीजे म्हटलं की लोकांना ट्रकवरची बॉक्सची भिंतच आठवते, पण तू म्हणतो तो स्कूटीवाला पोरगा, तो वेगळा धंदा आहे. त्याचे स्पीकर त्याचे नसतात, साउंडवाल्याचे असतात. त्यामुळे तू स्पीकरवर एक पैसा घालू नको. दोन चॅनलचा कंट्रोलर घे, पायोनियरचा डीडीजे-एफएलएक्स४ घेतला तर सुरुवातीला पुरून उरतो, नवा तीस हजाराच्या वर जाईल, वापरलेला शोध. तो लावला की रेकॉर्डबॉक्स चालतं, सेराटो डीजे लाइट पण चालतं, सॉफ्टवेअरचे वेगळे पैसे लागत नाहीत.

ड्रमरला यातलं अर्धं आधीच येत असतं. नवीन पोट्टे स्क्रीनवरच्या रेषा जुळवत बसतात, तुला बत्तीस मात्रांनंतर गाणं वळणार हे न पाहता कळतं. पुढचं गाणं कुठून सोडायचं त्याचा सगळा खेळ तिथेच आहे.

पण एक खड्डा आहे आणि त्यात मी पडलेलो आहे. एका पंचविसाव्या वाढदिवसात, लग्नाच्या बरं का, सत्तरच्या दशकातलं एक गाणं लावलं आणि त्याखाली नवा बीट, दोन गाण्यांची लय आपोआप जुळवणारं सिंक बटण दाबून मोकळा. पहिला अंतरा मस्त. दुसऱ्या अंतऱ्यात दोन घोडे वेगवेगळे पळून राहिले. कारण साधं आहे, त्या काळी सगळे वादक एकत्र बसून वाजवायचे, मशीनची टिकटिक नव्हती, त्यामुळे मुखड्याला मिनिटाला ११२ ठोके असलेली लय शेवटी ११६ होते. सॉफ्टवेअर सुरुवातीला मोजून पूर्ण गाण्यावर ठोक्यांची एकच जाळी टाकतं. रेकॉर्डबॉक्समधे गाणं अॅनालाइज करताना नॉर्मल आणि डायनॅमिक असे दोन पर्याय येतात, जुन्या गाण्यांना डायनॅमिक कर, आणि तरी सिंकवर भरवसा ठेवू नको, कानानं धर. आणि दादऱ्यातली गाणी, म्हणजे आपली अर्धी लोकगीतं, त्यांची लय तर ते सर्रास चुकीची दाखवतं, तिथे हातानं टॅप करून घे. हे ज्याला ऐकून समजतं त्यालाच हळदीच्या कार्यक्रमात मराठी गाणी लागोपाठ लावता येतात. बाकीचे मधे तो भोंग्याचा आवाज टाकून वेळ मारून नेतात.

काळी_चार:
मी दुसऱ्या बाजूनं लिहिते, म्हणजे तुमच्या गिऱ्हाइकाच्या.

आमचा शंकरनगर-धरमपेठ भागातल्या हौशी गायकांचा ग्रुप आहे, बहुतेक रिटायर्ड. महिन्यातून एकदा छोटा हॉल घेतो, एका गाण्याचे तीनशे रुपये प्रत्येकानं द्यायचे, त्यातून हॉल, साउंड आणि नाश्ता. नागपुरात असे ग्रुप गल्लोगल्ली झालेत, त्यामुळे दादा, काम भरपूर आहे. माणसं मिळत नाहीत ती चांगली.

कराओकेवाला म्हणून जे येतात त्यांचं काय होतं ते सांगते. एकानं सगळे ट्रॅक ऑनलाइन लावले, नेने काकूंना... नाव जाऊ द्या, एका काकूंना डोळ्यांत पाणी आणून आलाप घ्यायचा होता आणि मधेच केसांच्या तेलाची जाहिरात. ट्रॅक आधी डाउनलोड करून, नावानिशी, नंबर लावून ठेवा. दुसऱ्यानं ब्लूटूथ स्पीकर आणला. ब्लूटूथला आवाज उशिरा पोचतो, गाणाऱ्याला वाटतं आपण तालात आहोत आणि समोरच्याला वाटतं बिचारे म्हातारे झाले. वायरच पाहिजे. आणि गायकाकडे तोंड केलेला एक छोटा स्पीकर पाहिजेच, मोठा स्पीकर पंधरा मीटरवर असला तर आवाज यायलाच पंचेचाळीसेक मिलिसेकंद लागतात.

सगळ्यात महत्त्वाचं स्केल. आमचे एक काका, मूळ ट्रॅक काळी चारमधे, यांचा गळा पांढरी चारचा (पेटीच्या पट्ट्यांची नावं ही). म्हणजे काळी चारवरून पांढरी पाच, काळी तीन, पांढरी चार, तीन घरं खाली. ते ज्याला विचारून आधी करून ठेवता येतं तो आमच्यासाठी देव. जागेवर माइक हातात घेऊन "जरा खाली करा हो" म्हणायला लागलं की अर्धा दम तिथेच जातो. पण चार-पाच घरांच्या पुढे नेऊ नका, ट्रॅकमधला तबला डब्यासारखा वाजतो. त्यापेक्षा बाईच्या आणि पुरुषाच्या गळ्याचे वेगवेगळे ट्रॅक शोधा.

आणि ड्रमर असण्याचा आम्हाला फायदा असा की आमच्यातले निम्मे लोक म्युझिक पीसनंतर अंतरा चुकीच्या जागी उचलतात. स्क्रीनवर अक्षरं रंगतात पण तोपर्यंत उशीर झालेला असतो. एकदा एक ऑक्टोपॅडवाले भाऊ बाजूला बसले होते, ट्रॅकवर फार काही वाजवत नव्हते (ताल ट्रॅकमधे असतोच, त्यावर परत बडवलं की चिखल होतो), फक्त अंतऱ्याच्या आधी एक छोटी फिल (ठोक्यांचा छोटा तुकडा) आणि मान हलवून इशारा. त्या दिवशी कोणी चुकलं नाही. आम्ही त्यांना अजून शोधून राहिलो.

मिक्सरमागचा_माणूस:
साउंडचं माझ्याकडून घ्या.

तो कंट्रोलर आऊटपुट आरसीएवर देतो, म्हणजे टीव्हीमागच्या लाल-पांढऱ्या पिनांवर. आरसीएची वायर लांब ओढली की घुंऽऽऽ सुरू, आणि लॅपटॉपचा चार्जर लावला की डबल. लोक कंट्रोलरला शिव्या घालतात. दोन चॅनलचा डीआय बॉक्स (साधा सिग्नल लांब वायरीसाठी बॅलन्स्ड करून देणारी डबी) जवळ ठेवा, कंट्रोलरपासून डीआयपर्यंत दीड-दोन मीटर वायर, तिथून पुढे बॅलन्स्ड एक्सएलआर, म्हणजे माइकची तीन पिनांची वायर. साउंडवाला तुमच्याकडे आदरानं पाहील, खरंच. माइकमधे पैसे वाचवू नका, एसएम५८ सारखा साधा डायनॅमिक वायरवाला घ्या, ते मॉडेल १९६६ पासून चालू आहे आणि हातातून पडून पडून पण मरत नाही. नकली फार फिरतात, बिल घ्या. काकांना सांगा माइकची जाळी मुठीत धरू नका, धरली की शिट्टी मारतो.

दहा वाजताचं म्हणाल तर ती मॅनेजरची मनमानी नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद, सरकार वर्षातले मोजके १५ दिवसच बारापर्यंत सूट देऊ शकतं. बंद हॉलला चालतं, म्हणून तो पोरगा आत गेला. आणि वाद्यं पण त्यात येतात, म्हणजे विदाउट माइक ड्रम वाजवू हा जुगाड डोक्यात असेल तर काढा. दिवसा सुद्धा उघड्यावर स्पीकरला लेखी परवानगी लागते, ती यजमानानं काढलीय का हे अॅडव्हान्स घेतानाच विचारा.

कानात प्लग घाला. ८५ डेसिबलला आठ तास, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे शंभरला पंधरा मिनिटं. माझ्या डाव्या कानात रात्री टीव्ही बंद केल्यावर पण टीव्ही चालू असतो.

ऑक्टोपॅडवाला:
ताई, ते मान हलवणारे भाऊ काटोल रोडकडचे का? दाढी? तर मीच तो 🙂 नंबर बदलला होता.

काळी_चार:
अहो!! मेसेज करते.

किकवाला_नागपूर:
दोन महिन्यांनी परत येऊन राहिलो, सॉरी. सगळ्यांचं ऐकलं, थोडं थोडं.

वापरलेला कंट्रोलर सदरच्या एका माणसाकडून घेतला, डीआय बॉक्स आणि दोन माइक नवे. स्पीकर नाही घेतला. पहिला प्रयोग आमच्याच सोसायटीच्या कोजागरीला, गच्चीवर, साडेसातपासून. आठ दिवस आधी सगळ्यांच्या दारावर जाऊन गाणं आणि स्केल विचारलं. स्केल कोणालाच माहीत नव्हतं, तर प्रत्येकाकडून दोन ओळी गाऊन घेतल्या, जिन्यात. चौथ्या मजल्यावरच्या काकांना दोन घरं खाली, सेक्रेटरींच्या मिसेसना एक घर वर. मी पॅड घेऊन बाजूला बसलो आणि अंतऱ्याआधी मान हलवत राहिलो. दुसऱ्या दिवशी मान धरली. बावीस गाणी झाली, दोनच चुकली, त्यातलं एक माझ्या बायकोचं, कारण ती माझ्याकडे पाहतच नव्हती.

मधे अर्धा तास डीजे केलं. एक जुनं गाणं सिंकवर टाकलं, ऑक्टोपॅडवाले भाऊ, तुम्ही सांगितलं होतं तरी टाकलं. दोन घोडे.

दहाला स्पीकर बंद. पण दूध आटायचंच होतं, चंद्र डोक्यावर, खाली जायला कोणी तयार नाही. मग घरून ड्रमचे तारांचे ब्रश आणले आणि दुधाच्या पाकिटांचं रिकामं खोकं उलटं करून त्यावर घासत बसलो. पुठ्ठ्यावर ब्रश स्नेअरसारखाच वाजतो, आणि इतका हळू की पातेल्यातला झारा पण ऐकू येत होता. लोक अंगावर शाल घेऊन गुणगुणल्यासारखे गात होते. चौथ्या मजल्याचे काका परत तेच गाणं म्हणाले, या वेळी ट्रॅक नव्हता तर स्वतःच्या स्केलमधे, आणि सुंदर म्हणाले राव.

किट नाही विकलं. दोन टॉम आणि फ्लोअर टॉम दिवाणात गेले, बाहेर फक्त किक, स्नेअर आणि हॅट (झांजांची जोडी). पाहुण्यांपैकी एक झोपू शकतो.

काळी_चार ताई, डिसेंबरच्या रविवारी मोकळा आहे. आणि कोणाकडे चार बाय सहाची जाड दरी आहे का, टाइल्सवर न घसरणारी? माझी लॉनवर राहिलेली, ती मांडववाल्यानं परत दिलीच नाही. हो, विसरलो होतो ती घरी नव्हे, लॉनवरच. नंतर कळलं.