मदत हवी आहे: एकच दात काळपट आहे, त्यासाठी ८ दातांना व्हिनिअर्स (समोरून चिकटवायच्या चकत्या) लावून घ्यावेत का?

नमस्कार मंडळी. थोडं लांब होणार आहे पण प्लीज पूर्ण वाचा, कारण सोमवारी मला क्लिनिकमध्ये हो किंवा नाही कळवायचंय आणि गेले चार दिवस माझी झोप उडालीय.

मी डिचोलीची, वय ३२, प्राथमिक शाळेत शिकवते. सातवीत असताना गणेश चवथीला अंगणात फुगडी घालताना हात सुटला आणि मी तोंडावर वृंदावनाच्या कट्ट्यावर आपटले. वरचा समोरचा डावा दात हलला, कोपऱ्याचा टवका उडाला. रक्त थांबलं, दात परत घट्ट झाला, म्हणून घरात कोणी फार मनावर घेतलं नाही. दोनेक वर्षांत तो राखाडी व्हायला लागला, मग बारावीत हिरडीवर पुळी आली तेव्हा रूट कॅनल झालं. दात वाचला पण रंग गेला तो गेलाच, आता तर बाजूच्या दाताशेजारी तो चक्क शिशासारखा दिसतो.

मी फोटोत कधी दात दाखवून हसत नाही. लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा सगळीकडे ओठ मिटलेले. हसू आलं की उजवा हात आपोआप तोंडावर जातो, खडू धरलेला असला तरी जातो, आणि मग ओठावर पांढरं लागतं. जूनमध्ये पहिलीतली एक चिमुरडी बाकावरून उठून माझ्याजवळ आली, साडीचा काठ धरला आणि हळूच विचारलं, "टीचर, तुमचो दांत दुखता?" तिने इतक्या मायेने विचारलं की मी नाही म्हटलं आणि फळ्याकडे वळले, पण त्याच दिवशी ठरवलं की यावर्षी काहीतरी करायचंच.

तर म्हापशाला एका क्लिनिकमध्ये गेले. त्यांनी फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर माझं हसणं कसं दिसेल ते दाखवलं. वरचे ८ दात, सगळे पोर्सिलेन व्हिनिअर्स, एका दाताचे १२ हजार म्हणजे एकूण ९६ हजार. मी म्हटलं डॉक्टर, माझा तर एकच दात खराब आहे. ते म्हणाले एकाच दाताला केलं तर रंग मॅच होत नाही, सगळे केले की हॉलीवूड स्माईल मिळेल. मग दातांच्या रंगांची ती पट्टी माझ्या ओठाजवळ धरली आणि हातात आरसा दिला. माझे बाकीचे दात ए२, म्हणजे किंचित पिवळसर शेडचे निघाले आणि ते मला सगळ्यात पांढरी, ब्लीच शेडची टिकली सुचवत होते. आरशात बघताना मला एवढंच दिसत होतं की माझे सात दात तसे छान आहेत, आईसारखे, किंचित पिवळसर, सरळ ओळीत. हे आधी कधी लक्षातच आलं नव्हतं, नजर कायम त्या एकावरच जायची.

घरी येऊन खूप वाचलं. व्हिनिअर म्हणजे नखासारखी पातळ चकती, साधारण ०.३ ते ०.७ मिमी, आणि ती बसावी म्हणून बहुतेक वेळा तेवढं इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, समोरून तासतात. इनॅमल परत येत नाही. म्हणजे एकदा तासलं की त्या दातावर आयुष्यभर काही ना काही लावूनच ठेवावं लागणार, आणि पोर्सिलेन चांगलं टिकलं तरी १०-१५ वर्षं धरतात, म्हणजे मी ७० ची होईपर्यंत दोन-तीनदा तरी हाच खर्च. ते हॉलीवूड प्रकरण पण वाचलं, १९२८ च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स पिंकस नावाच्या डेंटिस्टने सिनेमातल्या नटांसाठी अशा चकत्या केल्या होत्या, पण त्या फक्त शूटिंगपुरत्या चिकटवायच्या आणि नंतर काढून ठेवायच्या, खालचे दात जसेच्या तसे. माझे तसे राहणार नाहीत ना.

नवरा म्हणतो तुला हवं ते कर, पैशाचं बघू. आई एवढंच म्हणाली, "कित्याक गो?" (कशाला गं?) आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. कोणी एकाच दाताचं काम करून घेतलंय का? रंग खरंच जुळत नाही का? कॉम्पोझिट (दातावर थेट लावतात ते दाताच्या रंगाचं फिलिंग) करून बघावं का आधी? आणि पोर्सिलेन लावलेल्यांना चणे, ऊस, कडक उंडो (आमचा गोव्याचा पाव) खाता येतो का?

प्रतिसाद (मडगाव):
ताई, मी ६ व्हिनिअर्सवाली, पाच वर्षं झाली. माझी गोष्ट वेगळी, लहानपणी टेट्रासायक्लिन नावाचं अँटिबायोटिक दिलेलं त्यामुळे सगळ्याच दातांवर करडे पट्टे होते, ब्लीचने फरक पडला नाही म्हणून केले आणि मला पश्चात्ताप नाही. पण दात तासल्यावर टेम्पररी लावतात ते दिवस कठीण गेले, गार पाणी तोंडात घेतलं की डोक्यात सणक जायची. सोलकढी पण कोमट करून प्यायचे. उंडो मी चुरून खाते, ऊस समोरच्या दातांनी सोलणं बंदच. आणि रात्री दात खायची सवय आहे का ते नवऱ्याला विचारा, मला होती, वर्षभरात एकाचा कोपरा उडाला तेव्हा कळलं. आता झोपताना दातांवर बसवायचं नाईट गार्ड लावते. तुमच्या जागी मी असते तर चांगल्या सात दातांना हात लावू दिला नसता.

प्रतिसाद (इंटर्न, डेंटल):
टीचर, तपासल्याशिवाय नक्की सांगता येत नाही पण एक विचारते, तुम्हाला कोणी आतून ब्लीच करण्याबद्दल बोललं का? रूट कॅनल झालेला दात काळवंडतो तो आतून, मागच्या बाजूने छोटं भोक उघडून आत औषध भरून वर तात्पुरतं सिमेंट लावतात, आठवड्याने बघतात, हवं तर परत भरतात. दोन-तीन वेळा भरल्यावर बऱ्याच दातांचा रंग पुष्कळ सुधारतो आणि समोरून काहीच तासावं लागत नाही. काही वर्षांनी थोडा परत गडद होऊ शकतो. पण आधी एक्स-रे हवाच, रूट कॅनल जुनं आहे, खाली नीट बंद आहे की नाही ते बघायला पाहिजे, आणि औषध मुळाकडे उतरू नये म्हणून आत अडसर घालतात तो घातला ना हे विचारा, नाहीतर मूळ झिजायची भीती असते.

मॅचिंगबद्दल डॉक्टर अगदीच खोटं बोलले नाहीत. समोरचा एकच दात जुळवणं हे सगळ्यात किचकट काम, आणि खालचा दात काळा असेल तर पातळ पोर्सिलेनमधून ती सावली दिसते. म्हणूनच आधी आतून उजळ करायचा. मग टवक्याला कॉम्पोझिट लावून भागलं तर भागलं, फक्त ब्लीचनंतर दोनेक आठवडे थांबून, लगेच लावलं तर पकड नीट येत नाही. कॉम्पोझिटवर चहा-हळदीचे डाग पडतात, पण पॉलिश होतं आणि तुटलं तर तिथेच दुरुस्त होतं. बाकी दात आणखी पांढरे हवे असतील तर तेही याच्या आधीच, पोर्सिलेन किंवा कॉम्पोझिट नंतर ब्लीच होत नाही. बांबोळीच्या सरकारी डेंटल कॉलेजात एकदा दाखवा.

धागाकर्ती:
दोघींचे मनापासून आभार. आतून ब्लीच हा शब्द मी आज पहिल्यांदा ऐकला, क्लिनिकमध्ये कोणी काढलाच नाही. नवऱ्याला विचारलं, तो म्हणतो रात्री दात खातेस असं काही ऐकू येत नाही.

सोमवारी नाही कळवते. त्यांच्याकडून माझा एक्स-रे मागून घेईन आणि गुरुवारी अर्धी रजा टाकून बांबोळीला जाईन. ए२ शेडच पाहिजे असं सांगायचं ठरवलंय, बाकीच्या सात जणांसारखी. डिचोलीहून लवकर निघणार, पण एक विचारायचं राहिलं, तिथे आतून ब्लीचसाठी आधी कुठल्या विभागात जायचं, रूट कॅनलवाल्यांकडे की कॅपवाल्यांकडे?

प्रतिसाद (इंटर्न, डेंटल):
आधी केसपेपर काढा, मग पहिली तपासणी होते तिथे हा दात दाखवा, ते पुढे पाठवतील. बहुतेक रूट कॅनलवाल्यांकडेच. जुनी फाईल, चिठ्ठी काही असेल तर सोबत घ्या, आणि सातवीत पडलात हे नक्की सांगा.