मदत हवी आहे: भाच्याच्या पोकेमॉनचं खाणं रानात उगवेना (एमराल्ड, जुना गेमबॉय)

आंबेबहार

राम राम मंडळी. मी अंबड तालुक्यातला, जिल्हा जालना. घरची मोसंबी आहे. व्हिडिओ गेममधलं मला ओ की ठो कळत नाही, तरी या विभागात लिहायची वेळ आली, कारण पुण्याहून भाचा आलाय सुट्टीला. अकरा वर्षांचं लेकरू. चुलत भावानं त्याला जुना गेमबॉय ॲडव्हान्स एसपी आणि पोकेमॉन एमराल्डची हिरवी कॅसेट दिलीय. आमच्या वस्तीवर मोबाईलला धड रेंज नाही, त्यामुळं दिवसभर बाजेवर पालथा पडून तेच चाललेलं असतं.

तीन दिवस गळ टाकून त्याला एक मासा घावला, फीबास नावाचा. दिसायला अगदीच गबाळा, फाटक्या पराचा. मी म्हणलं सोडून दे की. तर म्हणे मामा, याला नीट खाऊ घातलं की याचा मिलोटिक होतो, सगळ्यात देखणा. खाऊ म्हणजे पोकेब्लॉक. तो बेऱ्यांचा, म्हणजे गेममधल्या फळांचा करायचा, मिक्सरमध्ये फिरवून. आणि बेऱ्या मातीत लावायच्या, झारीनं पाणी घालायचं. इथवर मला सगळं कळलं, आपलाच धंदा.

पण लावलेलं एकही उगवंना. चार दिवस झाले. मातीचा उंचवटा दिसतो, पाणी घातलं की ओला होतो, बस. सुरुवातीला रस्त्याकडेच्या झाडांवर तयार बेऱ्या मिळाल्या होत्या, त्या तोडून लावल्या आणि तिथून पुढं सगळं ठप्प. परवा मला म्हणाला, "मामा, तुझं सगळं उगवतं, मग माझंच का नाही?" वीस वर्षं बाग धरतोय मी, पण या प्रश्नाला काय उत्तर द्यावं?

दुसरं असं, की या माशाला 'ड्राय' चवीचंच खाणं लागतं म्हणे. मी सांगितलं, ड्राय म्हणजे कोरडं. तर म्हणतो रसाळ फळ कोरडं कसं असेल? बरोबरच आहे त्याचं. आणि किती घालावं हेही सांगा. सोमवारी तो परत जाणार आहे.

तेरणाकाठ

दादा, कॉलेजात असताना मी बी हेच खेळूलालतो, कॉम्प्युटरवर. लेक्चरं बुडवून. बेरी उगवायला खरा वेळ लागतो, गेम बंद असला तरी आतलं घड्याळ चालू असतंय. चेस्टो जातीच्या बेरीला १२ तास, विकीला २४, लम असंल तर ४८. चार टप्पे असतात: कोंब, रोप, फूल, फळ. दर टप्प्याला पाणी घातलं तर फळं जास्त. नाही घातलं तरी झाड मरत नाही, आपल्याकडल्यासारखं नाही ते.

पाणी जास्त झालं का? मुळकूज?

आंबेबहार

मुळकूज असती तर मला विचारायला इथं आलो नसतो. चार दिवस म्हणजे ९६ तास झाले की हो. तुमच्या हिशोबानं एव्हाना दोन तोडे निघायला पाहिजे होते.

सोल्डरिंगवाला

दोन गोष्टी बघून सांगा. एक, गेम सुरू करताना इंग्रजीत काही सूचना येते का? पोरं ती न वाचता बटण दाबून पुढं जातात. दोन, भाच्यानं खेळ नव्यानं सुरू केलाय, की चुलत भावाचाच जुना सेव्ह (साठवून ठेवलेला खेळ) पुढं खेळतोय?

आंबेबहार

येते सूचना! "ती नेहमीच येते मामा, ए दाबायचं" असं उत्तर मिळालं. आज दाबू दिलं नाही. आतली बॅटरी संपलीय, खेळता येईल, पण घड्याळावर चालणाऱ्या गोष्टी आता घडणार नाहीत, असं लिहिलंय. बॅटरी संपली याला त्यांचा शब्द 'रन ड्राय'. इथंही ड्रायच.

खेळ नव्यानं सुरू केलाय, गेल्या महिन्यात.

सोल्डरिंगवाला

मग सापडलं. तुमच्या भाच्याच्या रानात वेळच थांबलेला आहे, पाणी घालून काय होणार? एमराल्ड २००४ साली जपानात आला. कॅसेटच्या पोटात ३ व्होल्टची गोळी बॅटरी असते, सीआर१६१६. तिच्यावर फक्त घड्याळ चालतं. वीस वर्षांत ती मरणारच. रस्त्याकडच्या बेऱ्या आधीच पिकलेल्या ठेवलेल्या असतात, म्हणून त्या मिळाल्या.

अस्सल कॅसेटमध्ये सेव्ह फ्लॅश मेमरीत असतो, बॅटरी काढली तरी जात नाही. (त्याआधीच्या गोल्ड-सिल्व्हर या पोकेमॉन गेममध्ये सेव्ह बॅटरीवरच असायचा. एका गिऱ्हाइकाचा माझ्या हातून गेला होता, त्यानं वर्षभर बोलणं सोडलं.) बाजारात नकली कॅसेटींचा मात्र सुळसुळाट आहे आणि त्यातल्या पुष्कळ बॅटरीवरच सेव्ह धरतात. तिथं बॅटरी काढली की मासा गेला. म्हणून आधी ओळख पटवा. अस्सल एमराल्डचं कवच पारदर्शक हिरवं असतं, लेबलवर दोन आकडे दाबून उमटवलेले असतात, उजेडात तिरकं धरलं तर दिसतात. खालच्या सोनेरी पट्ट्यांच्या वरच्या अंगाला बोर्डावर निन्टेंडोचं नाव छापलेलं असतं.

अस्सल निघाली तर घड्याळ दुरुस्तीवाला किंवा मोबाईलवाला करून देईल. तीन पात्यांचा स्क्रू असतो, साधा पेचकस लागत नाही. बॅटरी पत्र्या लावलेली घ्या, सीआर१६१६ टॅबवाली म्हणून मागा. नुसत्या गोळीवर थेट सोल्डरचा डाग देऊ देऊ नका, ती तापून फुटू शकते. चिकटपट्टीनं धरून बसवायचा जुगाडही करू नका.

खेळ नवा आहे हे बरं झालं. जुना सेव्ह असता तर घड्याळ शून्यापासून सुरू होऊन मागच्या नोंदलेल्या वेळेला गाठेपर्यंत बेऱ्या तशाच राहिल्या असत्या. कुणी पूर्वी दोन वर्षं खेळला असेल तर दोन वर्षं थांबा.

जपानी_शिकतेय

ड्रायचं मी सांगते. हा घोळ इंग्रजी भाषांतराचा आहे. मूळ जपानी गेममध्ये पाच चवी आहेत: कराई, शिबुई, अमाई, निगाई, सुप्पाई. तिखट, तुरट, गोड, कडू, आंबट. शिबुई म्हणजे सरळ सरळ तुरट. कच्चं पर्सिमन फळ खाल्लं की जीभ जशी आवळून येते, ती चव. इंग्रजीत त्याला रोजच्या बोलण्यातला सुटसुटीत शब्द नाही, म्हणून त्यांनी 'ड्राय' केलं. आपल्याकडं कोरडं म्हणायची गरजच नाही, हिरडा, सुपारी, कच्चं केळं, जांभूळ हे सगळं तुरटच.

आणखी एक गंमत. आपल्या षड्रसांतले पाच रस त्यात आलेत, फक्त खारट नाही. मिठाशिवायचा स्वयंपाक, पोकेमॉनना चालतो वाटतं.

आंबेबहार

तुरट! भाच्याला हिरड्याचा तुकडा चघळायला दिला. तोंड वाकडं करून म्हणाला, "बिचारा फीबास."

कॅसेट अस्सल आहे. लेबलवर '१७' हा आकडा उमटलेला दिसला, तिरकी धरून.

शिळोप्याचा_गेमर

आता खाणं. घाई करू नका, इथंच सगळ्यांचे फीबास वाया जातात.

प्रत्येक पोकेब्लॉकला दोन आकडे असतात: लेव्हल आणि फील. लेव्हल म्हणजे चवीचा जोर, फील म्हणजे त्यानं पोट किती भरतं. पोटाची मर्यादा २५५. ती भरली की तो पोकेमॉन पुन्हा कधीच खात नाही, उद्या नाही की पुढच्या वर्षी नाही. आणि मिलोटिक व्हायला ब्यूटी, म्हणजे तुरट ब्लॉकनं वाढणारा देखणेपणाचा आकडा, किमान १७० लागते. ती झाली की माशाची स्वतःची एक लेव्हल (ब्लॉकची नव्हे) वाढवायची, लगेच बदलतो. म्हणजे प्रश्न किती घालायचं हा नाही. पोट भरायच्या आत १७० गाठायचे आहेत, हा आहे. हलक्या ब्लॉकांनी पोट भरवलंत तर तो मासा जन्मभर फीबासच.

मिक्सरला एकट्यानं बसू नका. जितके जास्त जण फिरवतील तितका फील कमी येतो, म्हणून गेममधल्या तीन बायाबापड्या उभ्या असतील तिथं जा. गेममधल्या लिलीकोव्ह गावच्या हॉलमध्ये कधीमधी ब्लेंड मास्टर म्हातारा येतो, तो असला तर सोनंच. बाण आपल्या खुणेवर आला की नेमकं बटण दाबायचं, वेग जितका जास्त तितकी लेव्हल जास्त. दोघांनी एकच बेरी टाकली की काळा ब्लॉक निघतो. तो घालू नका.

बेऱ्यांत चेस्टो आणि विकी निव्वळ तुरट. कॉर्न आणि पॅमट्रे जास्त तुरट, पण गोडसरही आहेत, आणि मिक्सरमध्ये गोडानं तुरट कापला जातो. पॅमट्रेनं पोटही फार भरतं. पॅमट्रे सहसा मिळत नाही. रूट १२३ वर बेरी मास्टरचं घर आहे, त्याच्या बायकोला 'चॅलेंज कॉन्टेस्ट' हे शब्द सांगा, ती एक देते. फक्त एकदाच. लावून वाढवा. खाऊ घालण्याआधी सेव्ह करा, दर खेपेला.

आणि फीबासचा स्वभाव काय आहे? माहितीच्या पानावर लिहिलेला असतो.

आंबेबहार

जॉली.

शिळोप्याचा_गेमर

अरेरे. जॉलीला गोड आवडतं आणि ड्राय, म्हणजे तुरट, नको असतं. त्याला तुरट ब्लॉकचा गुण दहा टक्के कमी लागतो. जमतं, पण हिशोब काटेकोर लागेल. मॉडेस्ट, माइल्ड, रॅश किंवा क्वाएट असता तर उलट दहा टक्के जास्त मिळाले असते. सरळ दुसरा पकडा. रूट ११९ च्या नदीत फीबास फक्त सहा चौकोनांत असतो, पण एक चौकोन सापडलाय ना, तिथंच गळ टाकत राहा. डूफर्ड गावातल्या पोराशी फॅशनच्या शब्दांबद्दल बोलून ते शब्द बदलू नका, जागा बदलतात.

तेरणाकाठ

ब्लॅक-व्हाइट या पुढच्या पोकेमॉन गेमांपासून, म्हणजे २०१० पासून, प्रिझम स्केल देऊन अदलाबदल केली की मिलोटिक होतंय. ही सगळी खटपट नाही. पण त्यात तुरट कोण खाणार.

आंबेबहार

दुसरा पकडायला भाचा आधी तयार नव्हता. पहिल्याचं नाव त्यानं 'फाटक्या' ठेवलंय आणि आता त्याच्यावर जीव जडलाय. शेवटी तोड अशी निघाली की फाटक्या तसाच राहील, त्याला हवं ते गोड खाईल, आणि मिलोटिक दुसऱ्याचा करायचा. काल रात्री त्याच जागेवर आणखी चार घावले, त्यातला एक क्वाएट. त्याचं नाव 'हिरडा'.

शुक्रवारी जालन्याला मोंढ्यात काम होतं, कॅसेट नेली. घड्याळवाल्या काकांनी आधी हातातच घेतली नाही. मी इथली पोस्ट वाचून दाखवली, मग भिंग लावून बसले. तीन पात्यांचा पेचकस नव्हता, तो शेजारच्या मोबाईलवाल्यानं दिला. बॅटरी मात्र टॅबवाली तिथं नव्हती, संभाजीनगरहून मागवली, शनिवारी सकाळी आली. सेव्ह शाबूत. सूचना आली नाही. भाच्यानं दुपारी एकला लावली आणि मग तीन तास त्या उंचवट्यासमोर उभा राहिला, अक्षरशः, हलला नाही. चारच्या सुमाराला चेस्टोला कोंब फुटला. आमच्या आईला बोलवून दाखवला, तिनं चष्मा लावून बघितला आणि विचारलं, "खत टाकलं का?"

सोल्डरिंगवाला

काकांना माझा नमस्कार सांगा. जुनी बॅटरी कचऱ्यात किंवा चुलीत टाकू नका.

शिळोप्याचा_गेमर

चेस्टोच्या पहिल्या तोड्यातल्या सगळ्या बेऱ्या मिक्सरमध्ये घालू नका, निम्म्या परत लावा.

आंबेबहार

बियाणं राखून ठेवायचं मला सांगताय होय!

शेवटचा प्रश्न. उद्या भाचा निघाला. गेमबॉय इथंच ठेवून जातोय, दिवाळीला येईपर्यंत पाणी घालायची जबाबदारी माझ्यावर. बारा विकी लावल्यात. टप्पा सहा तासांचा म्हणजे रात्री दोनला एक पाणी येतं. ते चुकलं तर फळं किती घटतील? तसा मी जागाच असतो, आमच्याकडं कृषिपंपाची लाईट या आठवड्यात रात्रीचीच आहे. मोटर चालू करून आलो की तेही घालीन म्हणतो, फक्त त्या झारीला कुठलं बटण असतं तेवढं सांगा.