रानडुकरांवर नजर ठेवायला थर्मल (अंगाची उष्णता टिपणारा कॅमेरा) घ्यावं का? मदत हवी आहे

मोहोळजवळ चार एकर उन्हाळी मका, बांधाला लागून शेजाऱ्याचा ऊस. रात्री दोननंतर डुकरं उसातून निघतात. सकाळी ताटं आडवी, कणसं अर्धवट चावलेली. शिकार करायची नाही, त्यामुळं बंदुकीवर बसणारी दुर्बीण सुचवू नका. कुठून शिरतात ते दिसलं की फटाके लावून हाकलतो. झटका कुंपण आहे, ओढ्याच्या बाजूनं ते कुचकामी.

पाहुण्यांचं डिजिटल नाइट व्हिजन आठवडाभर वापरलं. ८५० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड दिवा लावला की जवळची पानंच पांढरीफटक चमकतात, मागं काळोख. वर दिव्याचा लाल ठिपका. डुकरं त्याला बुजतात की आमच्या खोकल्याला, देव जाणे. ९४० च्या दिव्यानं ठिपका गेला, पण पल्लाही घटला.

आता हातात धरायचं थर्मल बघतोय. दाट उसाच्या आतलं त्यातूनही दिसणार नाही, हे धरून चाललोय. बजेट साठ हजार, म्हणजे बहुधा २५६ × १९२ पिक्सेलचाच सेन्सर. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं ढेकळं मध्यरात्रीपर्यंत तापलेली असतात. अशा रात्री दीडशे मीटरवर कुत्रं की डुक्कर हे ओळखू येतं का, आणि त्यासाठी लेन्स किती मिलिमीटरची घ्यावी?